थंडीत रात्र काढायची, तर आधी जमिनीचं बघा

गेल्या अंकात हिवाळी ट्रेकच्या तयारीवर लिहिलं आणि त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं एकाच मुद्द्यावर येऊन थांबली: तंबू नाही, अंधार पडतोय, बर्फात किंवा रानात अडकलोय, तर हाताला लागेल त्या पाल्याचा, फांद्यांचा, बर्फाचा आडोसा करून रात्र निभावते का? निभावते. त्यासाठी काय माहीत असावं लागतं, ते या वेळच्या उत्तरांत सांगते. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. काहींनी घरच्यांना न सांगता लिहिलं आहे.

आम्ही चार मित्र जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठाला जातोय. एकटा माणूस नुसत्या फांद्यांची झोपडी करून बर्फात आरामात झोपतो, असे व्हिडिओ खूप पाहिले. वाट चुकलो तर आम्हाला हे जमेल का? किती वेळ लागेल? – विद्यार्थी, डोंबिवली

जमू शकेल. पण त्या व्हिडिओतला माणूस कुऱ्हाड, करवत आणि अख्खा दिवस हाताशी घेऊन बसलेला असतो. तुझ्याकडे असेल दोन तासांचा उजेड, बधिर झालेली बोटं आणि ओले मोजे. म्हणून पहिला निर्णय वेळेचा घ्यायचा. वाट हरवली हे दुपारी अडीच-तीनला कळलं, तर ‘त्या वळणापर्यंत बघून येऊ’ करत पाच वाजवू नकोस. जानेवारीत तिकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. ऊन सरलं की पारा झपाट्यानं उतरतो. उजेड आहे तोवर थांबायचं आणि चौघांनी एकत्रच थांबायचं. ‘तू इथे बस, मी पुढे बघून येतो’ हे तर अजिबात नको.

जागा निवडताना ओढ्याकाठची सपाटी भुरळ घालते, पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येते आणि तिथेच साचते. धारेवर किंवा खिंडीत वारा सोडत नाही. या दोहोंच्या मधली, दाट झाडांच्या आडोशाची जागा बघ. बसण्याआधी मान वर करून बघ. वाळकी फांदी अडकलेली आहे का? फांद्यांवर बर्फाचे ढीग साचलेत का? आणि वरच्या अंगाला ३० ते ४५ अंशांचा उघडा, बर्फानं भरलेला उतार असेल तर तिथून लांब जायचं. बहुतेक हिमस्खलनं याच चढाच्या उतारांवरून सुटतात.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी प्रत्येक शिबिरात घसा सुकेपर्यंत सांगते. सगळी मुलं छपरापासून सुरुवात करतात. फांद्या टेकवतात, पाला रचतात, फोटो झकास येतो. मग आत जाऊन नुसत्या जमिनीवर अंग टाकतात. गोठलेली जमीन अंगातली ऊब ओढत राहते, आणि तुम्ही रात्रभर पडून राहिलात तरी ती तापत नाही. पिसांची भारी स्लीपिंग बॅगसुद्धा पाठीखाली उपयोगाची राहत नाही, कारण अंगाच्या वजनानं पिसं चेपतात आणि त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते. ऊब राखते ती हवाच.

मनालीजवळच्या एका शिबिरात दोन मुलींनी रईच्या (हिमालयातल्या स्प्रूसच्या) झाडांखाली फार देखणा निवारा बांधला होता. छप्पर इतकं दाट, की आतल्या टॉर्चचा उजेड बाहेर येईना. मध्यरात्री मी चक्कर टाकली तर दोघी गुडघे छातीशी घेऊन कुडकुडत पडलेल्या. मी छपराचा निम्मा पाला ओढून काढला आणि त्यांच्या अंगाखाली सारला. बस्स, एवढंच केलं. पहाटे गेले तर दोघी गाढ झोपेत, हाका मारून उठवाव्या लागल्या.

तेव्हा आधी अंथरूण. वाळकी पानं, चीडाच्या सुया, नेचे, गवत, जे मिळेल ते. मूठभर घेऊन आवळून बघ. कुरकुरलं तर घे. तळव्याला ओल लागली तर टाकून दे. वरचा थर भिजलेला असला तरी खाली हात घातलास की बरेचदा कोरडं मिळतं. मांडीपर्यंत येईल एवढा ढीग कर, त्यावर आडवा हो, लोळ, मग कुशीवर वळून खाली हात घालून बघ. ढीग चेपून चार बोटांचा झालेला असेल. पुन्हा भर, पुन्हा लोळ. तू पूर्ण वजनानं पडलेला असताना पाठीखाली निदान वीतभर जाडी उरेपर्यंत भरत राहायचं. याला कंटाळा येतो, आणि इथेच मुलं थांबतात.

त्यावर छप्पर. एक भक्कम आढं हवं, तुझ्या उंचीपेक्षा दोन-तीन फूट लांब. त्याचं एक टोक कंबरेइतक्या उंचीवर झाडाच्या बेचक्यात किंवा मोठ्या दगडावर टेकव, दुसरं जमिनीवर. टेकवल्यावर त्यावर अंगाचा भार देऊन बघ, कारण रात्री ते मोडलं तर सगळं तुझ्यावर येणार. दोन्ही अंगांनी वासे तिरके लाव, त्यांवर बारीक काटक्या आडव्यातिडव्या टाक, म्हणजे पाला आत गळणार नाही. मग पाला, दोन ते तीन फूट जाड. चढवायचा कौलांसारखा, खालून वर, म्हणजे वरच्या थराचं पाणी खालच्या थरावरून बाहेर जातं. शेवटी चार हलक्या फांद्या त्यावर ठेव, नाहीतर वारा सगळं घेऊन जाईल.

आतली जागा किती? पाय आधी घालून सरपटत शिरायचं, आणि दोन्ही खांद्यांना पाला घासला पाहिजे. आत उठून बसता येत असेल तर घर मोठं झालं. निवांत पडलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तुझ्याकडे शेगडी असेल तर एवढीच. तिनं काय तापवायचं ते तू ठरवतोस: स्वतःभोवतीची वीतभर हवा, की अख्खी खोली. तुम्ही चौघे आहात, तर दोघा-दोघांचे दोन निवारे करा आणि एकमेकांना चिकटून झोपा; मध्ये लाजायचं काही कारण नाही. दाराला पाल्यानं गच्च भरलेली सॅक लाव, कडेला थोडी फट ठेवून. दोन माणसांनी न बोलता काम केलं तरी यात दोन-तीन तास जातात.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर एक महत्त्वाचं. ही पाल्याची झोपडी बर्फरेषेच्या खालची. जानेवारीत सांक्री या पायथ्याच्या गावाच्या वर, वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या आसपास पाला बर्फाखाली गाडला गेलेला असतो. तिथे खाली झुकलेल्या फांद्यांच्या मोठ्या झाडाखाली, बुंध्याभोवती बर्फ पातळ असतो, तिथली जागा उकरून आत शिरायचं. वर फांद्यांचं छप्पर आयतं, चहूबाजूंनी बर्फाची भिंत आयती, तुला फक्त अंथरूण करायचं. उकरण्याआधी काठीनं फांद्या झाडून त्यांवरचा बर्फ पाडून घे. तो सगळा भाग गोविंद अभयारण्याचा आहे. वादळात मोडून पडलेल्या फांद्या भरपूर मिळतात, त्या वापर. जीवावरच बेतलं तर हिरवी फांदी तोड, तुला कोणी बोल लावणार नाही. सरावासाठी, व्हिडिओसाठी मात्र एक डहाळीही नको.

मुलगा क्लबबरोबर हिमाचलला जातोय. बर्फाचं घर करून त्यात झोपणार म्हणतो, आणि तंबूपेक्षा आत ऊब असते असंही सांगतो. बर्फात ऊब कशी असेल? मला तर विचारानंच झोप येत नाही. – एक आई, गिरगाव

ताई, तो खोटं बोलत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते, आणि ती जागच्या जागी अडकलेली असते. त्यामुळे बाहेर उणे वीस असताना नीट केलेल्या बर्फाच्या घरात पारा शून्याच्या आसपास टिकतो. शिवाय वारा शून्य. तंबूचं कापड वारा अडवतं, पण त्याच्या आतबाहेरच्या तापमानात फार फरक राहत नाही.

आता ‘ऊब’ म्हणजे किती, तेही सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, सांताक्रुझला, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे तुमच्या मुलाचं ‘उबदार’ घर मुंबईच्या त्या सर्वांत थंड रात्रीपेक्षाही सात अंशांनी गार असणार. पण चांगल्या स्लीपिंग बॅगेत, कोरड्या कपड्यांत, खाली जाड मॅट घेऊन शून्यात झोप लागते. उणे वीस आणि वर वारा, यात लागत नाही.

शिबिरांत बहुधा मुलांकडून क्विंझी, म्हणजे बर्फाचा ढीग पोखरून केलेलं घर, करून घेतात. इग्लूसाठी बर्फाच्या विटा कापाव्या लागतात, त्याला घट्ट बर्फ आणि सवयीचा हात लागतो. क्विंझीला भुसभुशीत बर्फ चालतो. फावड्यानं पुरुषभर उंचीचा ढीग करायचा आणि मग थांबायचं, निदान तास-दीड तास, जमलं तर अधिक. मुलांना हे थांबणं जड जातं, पण तेवढ्या वेळात बर्फाचे कण एकमेकांना सांधतात आणि ढीग घट्ट होतो. तो घट्ट होण्याआधी पोखरला तर बसतो, पोखरणाऱ्यासकट. थांबलेल्या वेळात फूटभर लांबीच्या काटक्या बाहेरून चहूबाजूंनी आत खुपसायच्या. मग एकानं आत शिरून पोखरायला घ्यायचं, दुसऱ्यानं बाहेर थांबून लक्ष ठेवायचं. आतून काटकीचं टोक दिसलं की त्या जागी थांबायचं, भिंत तिथे फूटभर उरली आहे. भिंत पातळ व्हायला लागली की आतला उजेडही बदलतो, निळसर आणि मग पांढरट होत जातो. शिकलेला मुलगा काटकी दिसण्याआधी त्या उजेडावरून हात आवरता घेतो.

आतलं छत हातमोज्यानं घासून गुळगुळीत घुमटाकार करायचं. ओबडधोबड राहिलं तर श्वासाच्या उबेनं वितळलेलं पाणी प्रत्येक टोकावरून रात्रभर तोंडावर ठिबकतं. घुमट असला की भिंतीवरून ओघळून खाली जातं. झोपायचा ओटा दाराच्या वरच्या कडेपेक्षा उंच ठेवायचा, कारण उबदार हवा वर राहते आणि थंड हवा दारातून खाली सरकते. छताला मुठीएवढं भोक हवंच. रात्री बर्फ पडून ते बुजतं, म्हणून त्यात काठी ठेवून मधूनमधून हलवायची. फावडं आत, आणि बाहेर भडक कापड बांधलेली काठी रोवलेली. बाहेरून बघणाऱ्याला तो नुसता बर्फाचा उंचवटा दिसतो, कोणी त्यावर पाय देऊ नये.

या कामात घाम फार येतो, आणि थंडीत घामानं भिजलेला बनियन हा मोठा शत्रू आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीनं उष्णता वाहून नेतं. म्हणून खणताना अंगावर कमीत कमी कपडे, वर वॉटरप्रूफ, आणि काम संपल्याबरोबर कोरडे कपडे चढवायचे. सुती काही घालू देऊ नका, जीन्स तर नाहीच.

बर्फाच्या घरावर विश्वास ठेवावा असा पुरावा हवा असेल, तर १९७५ चा आहे. डग स्कॉट आणि डुगल हॅस्टन हे ब्रिटिश गिर्यारोहक २४ सप्टेंबरच्या संध्याकाळी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि उतरताना अंधार झाला. दक्षिण शिखराजवळ, सुमारे ८,७५० मीटरवर, त्यांनी बर्फात गुहा खणली आणि स्लीपिंग बॅगेशिवाय, ऑक्सिजन संपलेला असताना रात्र काढली. दोघांचंही एक बोटसुद्धा गेलं नाही. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. १९८२ मध्ये न्यूझीलंडच्या माउंट कुकवर मार्क इंग्लिस आणि फिल डूल वादळात अडकले आणि बर्फाच्या कपारीत जवळपास दोन आठवडे राहिले. दोघे जगले, पण हिमदंशानं दोघांचेही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. निवारा वेळ मिळवून देतो. तो वेळ किती पुरेल हे आतल्या माणसाच्या खाण्यावर, कोरडेपणावर आणि खालच्या मॅटवर ठरतं.

तुम्ही त्याला जाऊ नको म्हणू नका. मात्र तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षक कुठल्या संस्थेतून शिकलेत (उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची १९५४ ची, मनालीलाही सरकारी संस्था आहे), गटामागे बर्फाची फावडी किती, आणि रात्री एखाद्याला थंडी सहन झाली नाही तर जवळच पक्का तंबू उभा असेल का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असायलाच हवं.

आमच्या शाळेच्या स्काउट पथकाला असा निवारा बांधायला शिकवायचं आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान जवळ पडतं. तिथे करता येईल का? – शिक्षक, मुलुंड

सर, तिथे नको. राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद आहे. तिथला पाला तिथल्या मातीचा आहे. आणि बिबटे आहेत, रात्रीचा प्रश्नच येत नाही.

शहापूर किंवा मुरबाडकडे ओळखीचं शेत बघा. नोव्हेंबरात भात झोडून होतं, डिसेंबरात खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात. पेंढा हा निवाऱ्यासाठी उत्तम: पोकळ नळ्या, प्रत्येकीत हवा. पण तो शेतकऱ्याच्या गुरांची वैरण आहे, तेव्हा भाऱ्याचा जो भाव असेल तो द्या, आणि न तुडवलेला, न भिजवलेला परत करा. त्या भागातली पहाट डिसेंबरात चांगली गारठते. मुंबईतून गेलेल्या मुलांना तेवढी थंडी शिकायला पुरते.

उडवीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रानातल्या पाल्यात फुरसं आणि विंचू असतात. म्हणून भारे आदल्या दुपारी उन्हात लांब काठीनं उलगडून झटकायचे, हात नंतर घालायचे. हे काम मोठ्यांनी करावं. गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीचा वणवा होतो, तेव्हा शेकोटी लांब, मोकळ्या आणि भोवतालचं गवत काढलेल्या जागी. पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही.

शिकवायचं कसं, तर व्याख्यान देऊ नका. मुलांचे दोन गट करा आणि दोघांना सारखाच पेंढा द्या. एका गटानं सगळा छपराला लावायचा, दुसऱ्यानं सगळा अंथरायला घ्यायचा, वर फक्त ताडपत्री. पहाटे पाचला दोन्ही गटांना अर्धा तास आत पडायला सांगा आणि नंतर विचारा. मग जागा बदला. माझं बोलणं मुलं विसरतात, ही अर्ध्या तासाची जमीन विसरत नाहीत.

वेळ मिळाला तर त्यांना जवळच्या ठाकरवाडीत किंवा महादेव कोळ्यांच्या पाड्यावर घेऊन जा, आणि कारवीच्या काठ्यांचा कुड, वर शेणामातीचा लिंपण असलेलं जुनं घर शिल्लक असेल तर दाखवा. मालकाला आधी विचारून. मेढी कशा पुरल्या आहेत, आढं कशावर टेकलंय, वासे कशानं बांधलेत, हे त्या घरातल्या आजोबांनाच सांगू द्या. मी उत्तरकाशीला जे शिकले, त्यातलं बरंच त्यांच्या हातात आधीपासून आहे.

सह्याद्रीत प्रत्यक्ष अडकलात, तर मात्र झोपडी बांधत बसू नका. आपल्याकडे गाव सहसा फार लांब नसतं. गडावर गुहा, टाकं, देऊळ असतं. हरिश्चंद्रगडावर किती पिढ्या लेण्यांत झोपल्या असतील! तिथेही दगडी फरशीवर खाली काही टाकल्याशिवाय अंग टाकू नका. दगड मातीपेक्षा जास्त ऊब खेचतो.

निवाऱ्यात छोटी शेकोटी किंवा स्टोव्ह चालतो का? आणि थंडीत थोडी ब्रँडी घेतलेली बरी असते म्हणतात, ते खरं का? – लालबाग

पाल्याच्या निवाऱ्यात आग पेटवणं म्हणजे सरणावर झोपणं. बर्फाच्या घरात आणि बंद तंबूत स्टोव्हमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच. आग हवीच असेल, तर एका बाजूनं उघडा तिरका आडोसा करा, त्याच्यापुढे पाच-सहा फुटांवर आग, आणि आगीच्या पलीकडे ओंडक्यांची किंवा दगडांची भिंत, म्हणजे तिकडे जाणारी धगही तुमच्याकडे परतेल. दगड ओढ्यातले नकोत, आत पाणी शिरलेले दगड तापल्यावर फुटतात. अशा आगीला रात्रभर लाकूड लागतं आणि कोणाला तरी जागं राहावं लागतं.

ब्रँडी नको. तिनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. माणूस आधी थडथडतो, मग बोलणं जड होतं, चेन लावता येत नाही, चिडतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. अंग गारच असताना थडथड थांबली, तर तो सुधारतोय असं समजू नका, तो फार धोक्यात आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, खाली जाड काहीतरी सारा, बॅगेत घालून दुसऱ्यानं शेजारी झोपा. गिळता येत असेल तर गरम साखरपाणी. हातपाय चोळू नका, त्याला चालायला लावू नका.

माझं वय ७४. आमच्या वेळी काहीच साधनं नव्हती. आता सॅटेलाइट फोन आहेत, हेलिकॉप्टर आहेत. मग या जुन्या विद्येची गरज काय? – विलेपार्ले

काका, सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. परवानगी नसताना नेला म्हणून लोकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. मोबाइलला वर रेंज नसते, आणि थंडीत बॅटरी बघता बघता संपते. रेंज असली तर ११२ लावावा. पण रात्री, वादळात हेलिकॉप्टर उडत नाही, आणि पायी येणाऱ्या पथकाला पोहोचायला सकाळ होते. मधली रात्र आपली आपल्यालाच काढायची असते. तुम्ही लोकांनी घोंगडी आणि पेंढ्यावर ती काढली, ते मला पत्रानं सविस्तर लिहून कळवाल का? पुढच्या अंकात घेईन.

दोघी मैत्रिणी ट्रेकिंग नुकतंच सुरू करतोय. निवाऱ्याच्या दृष्टीनं सॅकमध्ये कायम काय ठेवावं? खर्च फार नको. – गोरेगाव

आठ बाय दहाची हलकी ताडपत्री. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत पावसाळ्याव्यतिरिक्त घेतलीत तर भाव बरा मिळतो. भडक रंगाची घ्या, निळी किंवा नारिंगी. दहा-पंधरा मीटर नायलॉन दोरी. बंद छिद्रांच्या फोमची कॅरीमॅट, ही पैसे वाचवायची जागा नाही. फुगवायच्या मॅटवर भिस्त ठेवू नका, काट्यानं एक भोक पडलं की ती गेली. हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, सेल रात्री अंगाजवळ ठेवा. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून, झोपेपर्यंत न उघडता.

आणि प्रत्येकी दोन मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, सर्वांत जाड मिळतील त्या. एक वाळक्या पाल्यानं ठासून भरली की गादी झाली. दुसरीच्या बंद टोकाला तोंडापुरतं भोक पाडून डोक्यावरून घातली की अंगावरचा वारा-पाऊस अडतो. तोंड कधीही पिशवीच्या आत नको. स्टीलची जेवणाची थाळी नेताच, तिनं बर्फ उकरता येतो; प्लॅस्टिकची थंडीत तडकते.

शिट्टी गळ्यात असू दे, सॅकच्या तळाशी नको. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून कान द्यायचा, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्या देऊन उत्तर देतो. उत्तर आलं तरी निवाऱ्यातून बाहेर पडून आवाजाच्या दिशेनं चालू लागू नका. जागेवरच थांबा, टॉर्च लावा आणि ते पोहोचेपर्यंत वाजवत राहा.